सातवं दार आतूनच लागतं

सिनेमा चालणार की पडणार, हे पडद्याकडे बघून कळत नाही. ते बाहेर पडायच्या दाराशी उभं राहून कळतं. धुळ्यातल्या एका थिएटरात मी मॅनेजर होतो. नव्या सिनेमाचा पहिला खेळ सुटायची वेळ झाली की हातातलं काम टाकून मी त्या दाराला टेकून उभा राहायचो. आमचे वितरक भुसावळचे. खेळ सुटतो न सुटतो तोच त्यांचा फोन यायचा, "नाना, हवा काय म्हणते?" मी हवा सांगायचो आणि ते तिकडे पुढच्या आठवड्याचं ठरवायचे.

ही हवा ओळखायची कशी, ते आता सांगायला हरकत नाही. थिएटर बंद झालंय, त्यामुळे माझ्या पोटावर पाय यायचा प्रश्न उरलेला नाही. माणसं एकमेकांशी वाद घालत बाहेर आली तर सिनेमा चालतो. गप्प बाहेर येऊन सरळ गाड्यांकडे गेली तर पुढच्या शुक्रवारची वाट बघायची. बाया डोळे पुसत आल्या तर दुसऱ्या दिवशी त्या जावेला आणि नणंदेला घेऊन येतात. आणि आत जाताना बघितलेलंच पोस्टर एखादा गडी बाहेर आल्यावर पुन्हा उभा राहून बघायला लागला, तर मी भुसावळला बिनधास्त सांगायचो, हा माल आमच्याकडून लवकर काढू नका.

माझी सुरुवात जळगावला, बुकिंगच्या खिडकीत. मूळ मी धरणगावचा, कापूसवाल्यांच्या घरातला आणि घरच्यांच्या मते वाया गेलेला. जळगावला एकदा देवीचा सिनेमा लागला होता. बाया चपला पायरीवर काढून आत जायच्या आणि खेळ सुटला की त्या ढिगात हात घालून एकमेकींवर ओरडायच्या. पडद्यावर देवी प्रकटली तेव्हा एका भक्तिणीने भावनेच्या भरात नारळ फोडला, तो नेमका पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. पुढे बसलेल्या गड्याला वाटलं मारामारी सुरू झाली. तो बाह्या सरसावून उठला, मागे बघतो तर म्हातारी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवतेय. पब्लिक कधी चुकत नाही, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मीही ते वर्षानुवर्षं म्हणत आलो.

मग एका उन्हाळ्यात, आखाजीच्या तोंडावर, 'सात दारांची बारव' हा पुस्तकावरून काढलेला सिनेमा लागला.

हे पुस्तक ज्यांच्या हाती लागलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका गावातले सगळे पक्षी अचानक मुके होतात. केशा नावाचा मुलगा आवाज शाबूत असलेल्या एकाच म्हाताऱ्या पिंगळ्याचा, म्हणजे छोट्या घुबडाचा, माग काढत गावाबाहेरच्या बारवेत उतरतो. पायऱ्यांच्या खाली सात दारं, आणि प्रत्येक दारामागे एक वेगळं, अजब राज्य. सातव्या दारामागे असतो अंधार. तोच पक्ष्यांचा आवाज गिळून बसलेला, आणि हळूहळू गावाकडे सरकणारा. दार बंद केलं तर गाव वाचतं, पण ते दार आतूनच लागतं. केशा आत जातो आणि दार लावतो. वर पायरीवर त्याची आई कंदील घेऊन बसलेली असते. झाडावर पक्षी बोलायला लागतात, आणि पुस्तक संपतं. केशा येत नाही.

आमच्या भागातल्या कितीतरी शाळांच्या कपाटात हे पुस्तक होतं, बहुधा पाठीचं कापड निघालेलं. ते वाचून रडली नाही अशी पोरं थोडी. सिनेमावाल्यांनी काय केलं, तर शेवटी सातवं दार उघडलं. सोनेरी उजेड, सनई, हवेत उडणारे हजार पक्षी, आणि त्यातून पायऱ्या चढत केशा वर येतो नि आईच्या गळ्यात पडतो.

त्या दिवशी एकाच दारातून दोन तऱ्हेचं पब्लिक बाहेर पडताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुस्तक न वाचलेले शिट्ट्या मारत आले. वाचलेले आले ते थेट माझ्या अंगावर. जळगावहून एक बँकेतले गृहस्थ खास आले होते, हातात पुस्तक घेऊन. खेळभर ते मोबाइलच्या उजेडात पान आणि पडदा ताडून बघत होते आणि मागचे लोक ओरडत होते, "ओ मास्तर, बत्ती बंद करा ना!" बाहेर येताच त्यांनी माझी बाही धरली.

"मॅनेजर, चौथं दार कुठे गेलं?"

जणू मीच ते कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. मी म्हटलं, "साहेब, मध्यंतरात तुम्ही भजी घ्यायला गेलात, तेव्हा गेलं असेल." त्यांना ते आवडलं नाही. कॉलेजातली एक पोरगी तर पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. "माझ्या पिंगळ्याला जोकर केलं हो!" पिंगळ्याला त्यांनी विनोदी नटाचा आवाज दिला होता. मी तिला पाणी दिलं. एवढी वर्षं नट-नट्यांसाठी रडणारे बघितले होते, एका पाखरासाठी रडणारं माणूस पहिल्यांदा बघितलं.

या सगळ्यांत डोकं शांत ठेवून रागावलेली एकच बाई होती. बैसाणे मॅडम. दोंडाईच्याला हायस्कुलात मराठी शिकवायच्या. आपल्या जुन्या-नव्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या आल्या, रीतसर तिकिटं काढून सिनेमा बघितला आणि बाहेर येऊन फाटकापाशी पाट्या घेऊन उभ्या राहिल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'केशाला परत पाठवा', म्हणजे पुन्हा सातव्या दारामागे. तशीच पाटी घेऊन आणखी कुठल्या कुठल्या शहरांत लोक उभे होते, ते त्यांनी मला मोबाइलवर दाखवलं. घोषणा नाही, दगड नाही. माझ्या नोकरीतला हा सर्वांत सभ्य गोंधळ.

त्याच आठवड्यात दुपारच्या खेळाला अक्का यायला लागली.

अक्का आणि तिचा नवरा आबा, शिंदखेड्याच्या बाजूच्या खेड्यातलं जोडपं. आबांचे डोळे तपासायला धुळ्याला आले होते. रस्त्यावर पोस्टर दिसलं आणि अक्का तिथेच थबकली. तिला अक्षरं लागत नव्हती, पण बारवेचं चित्र तिने ओळखलं. आबांना बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटी आत गेली. खेळ सुटल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅनेजर भाऊ, तुम्ही त्याले परत आनं. पुस्तकमा तो येस नही."

"मी नाही हो अक्का, सिनेमावाल्यांनी आणलं."

"दखाडतस तर तुम्हीच ना?" असं म्हणून तिने मला हात जोडले.

मला हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला. फुकटचं श्रेय कुणाला नको असतं? पण दोन दिवसांनी ती पुन्हा आली. मग पुन्हा. डोळ्यांची तपासणी केव्हाच आटोपली होती. आता ती दोघं एसटीने निव्वळ सिनेमासाठी येत होती. दर वेळी ती कडेची खुर्ची घ्यायची, आणि केशा पायऱ्या चढायला लागला की उभी राहायची. मागच्यांनी ओरडा केला तरी बसायची नाही. आबा एकदाही आत गेले नाहीत. बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी विचारलं, "आबा, अक्कांना एवढं काय आवडलं हो या सिनेमात?"

आबांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"मना पोऱ्या सुरतले व्हता. कापडना मार्केटमा. त्या रोगनी साथमा गया. आम्हले त्यानं तोंडबी दखाले भेटनं नही. तठेच जाळी दिन्हं त्याले. फोन उना फक्त."

ते पुढे म्हणाले, "तीन आखाज्या गयात. त्याना नावनी घागर भराले पाहिजे ना? ती भरू देस नही. म्हनस, 'तोंड दखं का तुम्ही? मंग कशावरथून गया म्हनतस?'"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरून ठेवतात, वर आंबा, खरबूज, पुढे पुरणपोळी नि आमरस. भर उन्हाळ्याचे दिवस. गेलेल्याला त्या वाटेवर तहान लागते, ती या पाण्याने भागते, अशी श्रद्धा. ज्याची घागर भरली जात नाही तो तहानलेला राहतो.

"उन्हायामा पोऱ्याले तिस लागी ऱ्हायनी, मॅनेजर भाऊ," आबा म्हणाले. "नि ती इठे बशीसन दखस, तो येस म्हनीसन."

चहा तसाच बशीत राहिला. माणसांना रडवणारे आणि हसवणारे सिनेमे मी आयुष्यभर लावले. पण एखादा सिनेमा असा कुणाच्या घरात शिरून बसलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बैसाणे मॅडम पाट्या घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मॅडम, सिनेमाच आहे. आला केशा परत, तर कुणाचं काय जातं?"

मॅडमनी पाटीची काठी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"नाना, मी सातवीत होते तेव्हा माझे वडील गेले. बांधकामावरून पडले. घरात मोठी माणसं मला सांगायची, कामाला गेलेत, येतील. सगळे सांगायचे. मी रोज बसस्टँडवर जाऊन बसायचे. मग बाईंनी वर्गात हे पुस्तक वाचलं. त्यात कुणीतरी पहिल्यांदा मला खरं सांगितलं, की काही माणसं येत नाहीत, आणि तरी पक्षी बोलायला लागतात. त्या दिवशी मी बसस्टँडवर जायची थांबले. त्या पुस्तकाने मला फसवलं नाही. म्हणून मला राग येतो हो."

आता सांगा, यात कुणाची बाजू घ्यायची? मॅडम खोट्या नव्हत्या आणि अक्काही खोटी नव्हती. मॅडमनी जाताना मला विचारलं, "त्या अक्का कुठल्या गावच्या? मी भेटू का त्यांना?" मी म्हटलं, नको. आणि खरं म्हणजे आता त्यांनी पाटी खाली ठेवली असती तरी काही फरक पडणार नव्हता. ठिणगी राज्यभर पोचली होती. दोन दिवसांत भुसावळहून फोन आला.

"नाना, आनंदाची बातमी! शेवट बदलला. पुस्तकात आहे तसा. शुक्रवारपासून नवीन लावायचा."

"जुना चालू राहू द्या ना आखाजीपर्यंत. चांगला चाललाय आपल्याकडे."

"अहो, चावी मरते ना शुक्रवारी!"

ही चावी म्हणजे काय तेही सांगतो. पूर्वी सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा, रिळं असायची. शेवटचं रीळ नको असेल तर बाजूला ठेवता यायचं. एखादं गाणं पब्लिकने मागितलं तर ऑपरेटर रीळ मागे घेऊन पुन्हा लावायचा. सिनेमा आमच्या हातात असायचा, अक्षरशः. आता तो यंत्रात येतो, कुलूपबंद. त्याची चावी म्हणजे आकड्यांचा एक संदेश असतो, तो मुंबईहून येतो आणि त्याला मुदत असते. मुदत सरली की यंत्र सिनेमा उघडत नाही. मॅनेजर असो नाहीतर मालक, पडद्यासमोर सगळे सारखेच हात चोळत बसतात. आमच्या ऑपरेटरने माझ्या सांगण्यावरून शुक्रवारी सकाळी जुना शेवट उघडून बघायचा प्रयत्न केला. यंत्राने लाल अक्षरांत नाही म्हटलं.

फाटकावर फलक लागला, 'आता मूळ पुस्तकाप्रमाणे'. मी आदल्या दिवशीच आबांना गाठून म्हटलं होतं, "आता अक्कांना आणू नका. केशा येत नाही त्यात."

आबांनी माझा हात धरला.

"नही, भाऊ. तोच दखाडा तिले. मी बोली बोली थकनू. मनं ती ऐकस नही. पडदानं ऐकी."

मला त्यांचा राग आला. नंतर माझाच राग आला, कारण त्या माणसाची तगमग मला कळत होती. आखाजी तीन दिवसांवर आली होती. चौथी घागरही रिकामीच राहणार, या भीतीने तो बाप बायकोला असा शेवट दाखवायला निघाला होता.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला बैसाणे मॅडमची सगळी मुलं आली. बँकेतले गृहस्थही आले, पुस्तकासकट. लग्नघरासारखी गडबड होती. आणि त्या गर्दीतून पदर सावरत अक्का आली. मी दारात आडवा झालो.

"अक्का, आज आत जाऊ नका. शेवट बदललाय. केशा परत येत नाही."

"माले माहीत शे. बठ्ठा लोके तेच बोली ऱ्हायनात."

"मग कशाला जाता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बारवमा उतरस तोपावत तर शे ना तो?"

मी बाजूला झालो. दुसरं काय करणार होतो?

मी खेळभर दारावरच्या कापडी पडद्याआड, आतल्या बाजूला उभा राहिलो. अक्का नेहमीच्या कडेच्या खुर्चीवर बसली होती. पहिलं दार गेलं, दुसरं गेलं. पिंगळा बोलला तशी पोरं कुजबुजली. सहावं दार मागे टाकून केशा सातव्या दाराशी पोचला, दाराच्या कडीवर त्याने हात ठेवला, आणि अक्का उठली. पण पूर्वीसारखी उभी राहिली नाही. अंधारात खुर्च्यांच्या पाठी चाचपत ती दाराकडे आली. मी दार उघडलं. बाहेरचं ऊन एकदम डोळ्यांवर आलं. आबा बाकावरून घाईने उठले.

"अक्का, संपला नाही अजून," मी म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक.

"मन्हाकरता संपी गया."

ती बाकावर बसली. रडत नव्हती. आबा तिच्याकडे नि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. मग ती बोलायला लागली, आमच्या दोघांशी की आणखी कुणाशी, ते कळत नव्हतं.

"पोऱ्यानी शायना कपाटमाथून पुस्तक आनं. तो वाचे, नि मी भाकरी करू. शेवटना पान वाचीसन रडे. फेकी दे पुस्तक. जेवे नही. मंग मी त्याले सांगू, त्या पुस्तकवालाले काय माहीत? पुढलं मी सांगस, आयक."

"काय सांगायच्या?" मी विचारलं.

आबा मान हलवत होते. हे त्यांना ठाऊक नसावं. शेतातून ते घरी येईपर्यंत मायलेकांची गोष्ट संपलेली असायची.

"दार लागी गयं. माय पायरीवर बशीच ऱ्हायनी. दिन गयात, महिना गयात. मंग बारव सोडीसन ती घर उनी. लोके बोलनात, येडी व्हई गयी. नि एक सकायले दारमा तो उभा. मायनी इचारं नही, इतला दिन कोठे व्हता. काहीच इचारं नही. बोलनी, तिस लागी व्हई बेटा, पह्यले पानी पी."

एवढं बोलून ती थांबली. ही गोष्ट तिने त्या पोराला किती वेळा सांगितली असेल. पण शेवटचं वाक्य बोलल्यावर ती अशी दचकली, की जणू ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकलं. हात तोंडावर गेला. आणि मग ती रडली. तीन वर्षांचं सगळं, एकदम. आबा तिच्या शेजारी बसले, त्यांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता आणि भर रस्त्यावर ते जमत नव्हतं. मी पाठ फिरवली. माझेही डोळे भरले होते, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. केशा दारामागे राहिला होता आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांचं पुस्तक त्यांना परत मिळालं होतं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही. फक्त थिएटरचं ते दार तेवढं उघडू नये, अजून थोडा वेळ उघडू नये, असं वाटत होतं.

अक्काने पदराने तोंड पुसलं.

"चाला," ती आबांना म्हणाली. "घागर लेवानी शे."

आखाजीसाठी थिएटरच्या समोरच, रस्त्यापलीकडे, कुंभारांनी घागरी मांडल्या होत्या. लाल, कोऱ्या, उन्हात तापलेल्या. दोघं रस्ता ओलांडून गेली. मीही मागोमाग गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी दाराशी उभा नव्हतो. अक्का एकेक घागर उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघत होती. एक बाजूला ठेवली. दुसरीत कुंभारणीकडून पाणी ओतून घेतलं, उंच धरली, बूड न्याहाळलं आणि तीही बाजूला ठेवली. कुंभारीण वैतागली. आबाही कंटाळून म्हणाले, "ली ले ना आते. बठ्ठ्या सारख्याच शेतस."

"तुमले काय कळस?" अक्का तिसरी घागर वाजवत म्हणाली. "तो इतला दूरथून येई. थेंबबी कमी पडाले नको."